गादी भांडारातला नकार

संघपालची लग्नाविषयी काही तक्रार नव्हती. लग्न ही चांगली गोष्ट आहे आणि ती इतरांनी करावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तो मोताळ्याला एका कार्यालयात लिपिक होता, वय एकोणतीस, आणि भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. त्या खोलीत एक कॉट, एक कूलर आणि एक रविवारची दुपार होती. पहिल्या दोन वस्तू घरमालकाच्या होत्या. रविवारची दुपार मात्र त्याची स्वतःची. दोन ते सहा, फोन बंद, खिडकीला ओली चादर, आणि जगात कोणीही "किती झोपतो बे?" असं विचारणारं नाही. लग्न झालेल्या मित्रांकडे त्याने बारकाईने पाहिलं होतं. त्यांच्याकडे सोफे होते, फ्रीज होते, एकाकडे तर घोरपडीच्या आकाराचा शोभेचा दिवा होता. रविवारची दुपार कोणाकडेच नव्हती.

अडचण वडिलांची होती. भाऊराव गुरुजी धामणगाव बढ्याचे निवृत्त मुख्याध्यापक, आणि त्यांच्याकडे तत्त्वं होती. त्यातलं पहिलं असं: "मुलगी म्हणजे बाजारातलं वांगं नव्हे. दाबून पाह्यलं अन् ठेवून देल्लं, असं चालणार नाही. आपल्या घरातून कोण्या पोरीले नकार जाणार नाही." हे ऐकून सगळं गाव गुरुजींना मानायचं. मानायला गावाचं काही जात नव्हतं, कारण तत्त्व पाळायचं होतं संघपालने. म्हणजे पहिली जी मुलगी भेटेल आणि त्याला नाकारायचं विसरेल, तिच्याशी लग्न.

इतर घरांत अशा वेळी पत्रिका कामी येते. कोणाला मंगळ असतो, कोणाचे गुण कमी पडतात, आणि सगळ्यांची अब्रू ग्रहांच्या माथी मारून सुरक्षित राहते. संघपालच्या घरात, बौद्ध घरात, पत्रिका कोणी पाहत नसे. ग्रह माणसाचं काही बिघडवत नाहीत हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. एखादा ग्रह स्वतःलाच हवाहवासा वाटेपर्यंत.

राहता राहिला एकच मार्ग. नकार मुलीकडून यायला हवा. या बाबतीत त्याचा स्वतःच्या व्यक्तिमत्त्वावर विश्वास होता, पण पूर्ण नव्हता. थोडी बाहेरची मदत लागणार होती.

ती मेडिकलवाल्या शाहरुखने केली.

"मलकापुरात माह्या मामाच्या गल्लीत एकानं गादीच्या दुकानात इटालियन हॉटेल काढलं," शाहरुख म्हणाला.

"चालते?"

"गादी चालते."

"अन् खाणं?"

"सॉस मागितला तं भांडते म्हणतात. कांदा-लिंबू देत नाही. मेनू नाही. जे शिजलं ते गिळा, नाही तं उठा."

"तू जेवला तिथी?"

"मी कायले जेवू? मले माहीत आहे ना बेकार आहे ते."

मलकापुरात त्या हॉटेलविषयी सगळ्यांना ठाम मत होतं. अनुभव कोणालाच नव्हता. संघपालच्या मनात आनंदाची एक मोठी गादी उलगडली.

गुरुजींचं दुसरं तत्त्वही नेमकं उपयोगी पडलं. मुलीने पोह्यांचा ट्रे घेऊन खाली मान घालून यायचं आणि चार अनोळखी माणसांनी तिला न्याहाळायचं, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. भेट व्हायची तर बाहेर, बरोबरीने. स्थळ होतं योगिनी. माहेर लोणार तालुक्यातलं बीबी, नोकरी मलकापूरच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. तेव्हा मलकापूर ठरलं. जागा मी पाहतो, असं संघपाल म्हणाला, आणि मुलगा एवढा रस घेतोय हे पाहून आई जनकाबाईने डोळ्याला पदर लावला.

रविवारी दुपारी एक वाजता, मे महिन्यात, ते सगळे त्या दुकानासमोर उभे राहिले. वर मोठ्या अक्षरांत पाटी: "रहेमतिया गादी भांडार. गादी, उशी, रजई. जुना कापूस पिंजून मिळेल." खाली पुठ्ठ्यावर खडूने: "इटालियन जेवण. आत." एका बाजूला पंक्चरचं दुकान, दुसऱ्या बाजूला एक ट्रक, त्याच्या सावलीत एक बकरी. संघपालने मनातल्या मनात शाहरुखचे आभार मानले. यापेक्षा वाईट जागा मिळायला जिल्हा बदलावा लागला असता.

"इथी?" जनकाबाई म्हणाली.

"जग पाह्यलं पाह्यजे," गुरुजी म्हणाले, पण आवाज जरा कमी होता.

मुलीचे वडील अर्जुनराव बीबीहून दोन एसट्या बदलून आले होते. खांद्यावर पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. त्यांनी "जय भीम" केला, पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि फोन काढून बायकोला लावला. तिचे गुडघे दुखत असल्याने ती घरीच होती. "पोहोचलो. गादीचं दुकान आहे. नाही, गादी घेत नाही. जेवाले आलो. नंतर सांगतो."

योगिनी त्यांच्या मागून आली. तिने पाटी एकदा वाचली, संघपालकडे एकदा पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली. हे लक्षण उत्तम होतं.

आत अर्ध्या दुकानात छतापर्यंत गाद्या. उरलेल्या अर्ध्यात चार टेबलं. खुर्च्यांवर नव्या कापसाच्या उशा, इतक्या मऊ की गुरुजी बसले ते अपेक्षेपेक्षा चार बोटं खालीच थांबले. भिंतीला कापूस पिंजायचं जुनं लाकडी धनुष्य आडवं टांगलेलं, त्याला नवी कोरी स्टीलची तार, आणि त्या तारेवर धुणं वाळत घालावं तशा पिठाच्या लांब पिवळ्या फिती.

"ह्या नाड्या आहेत?" जनकाबाईने हळूच विचारलं.

"जेवण आहे," मागून आवाज आला. ही नसीमाभाभी, मालकीणबाई. "आमचे हे पिंजारी घराण्याचे. बावीस साल कुवेतात इटालियन उस्तादाच्या हाताखाली रसोईत होते. परत आले तं म्हणे, पिंजण तसंच पडलं आहे, त्याच्यावर शेवया वाळवू. बसा. इथी दोन कायदे आहेत. सॉस मागायचा नाही. अन् मी एकदाच विचारते."

दुसऱ्या कायद्याकडे कोणीच लक्ष दिलं नाही. तिथेच सगळं फसलं.

आधी भाजलेला पाव आला, त्यावर लसूण चोळून बारीक चिरलेले टोमॅटो. संघपालने अत्यंत आशेने घास घेतला.

तो घास त्याच्या तोंडात गेला आणि काही वेळ संघपालला कोणतीच योजना आठवेना. टोमॅटो तो रोज खात होता. टोमॅटोला अशी चव असते आणि ती आजवर त्याच्यापासून लपवून ठेवली गेली, हे त्याला नवीन होतं. त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. गुरुजींचे डोळे मिटले होते. अर्जुनराव पाव उलटा करून खालून पाहत होते, जणू तिथे काही खुलासा छापला असेल.

"बरं आहे," अर्जुनराव म्हणाले. वऱ्हाडात यापेक्षा मोठं प्रमाणपत्र जिवंतपणी मिळत नाही.

नसीमाभाभी ताट घेऊन परत आली. त्यात चार पाव उरलेले. "आणखी?"

आता पाहुण्याने काय करायचं असतं, हे सांगायची गरज नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा हात आडवा धरायचा, तिसऱ्यांदा "तुम्ही ऐकतच नाही" असं म्हणत खायचं. त्यातून सोयरीक ठरायची असेल तर पाच वेळा. अर्जुनरावांनी ताटावर हात धरला. "नको नको. पोट भरलं."

"ठीक," म्हणून नसीमाभाभीने ताट उचललं आणि शेजारच्या टेबलावर ठेवलं. तिथे बाहेरच्या ट्रकचा ड्रायव्हर बसला होता. त्याचा सभ्यतेशी कधी संबंध आला नव्हता, त्यामुळे त्याचं सगळं सुरळीत चाललं होतं. चारही पाव त्याने खाल्ले.

अर्जुनरावांचा हात रिकाम्या ताटावर तसाच आडवा राहिला.

मग त्या पिवळ्या फिती आल्या, लोण्यात परतलेल्या, वर किसलेलं चीज आणि मिरी. मग जनकाबाईला विचारलं गेलं, आणि ती सवयीने म्हणाली, "नाही हो बाई, किती खायचं माणसानं!" तिची दुसरी वाढही ड्रायव्हरकडे गेली. जनकाबाई त्या ताटाकडे अशी पाहत राहिली, जसा माणूस सुटलेल्या एसटीकडे पाहतो.

तेवढ्यात योगिनी उठली. सरळ ड्रायव्हरच्या टेबलाशी गेली.

"भाऊ, अर्धं इकडं द्या."

"काऊन? तुमच्यातल्या बाईनं नको म्हटलं ना."

"ते रीत म्हणून म्हटलं. भूक आहे त्यायले."

ड्रायव्हरने विचार केला आणि अर्धं दिलं. योगिनीने ते जनकाबाईपुढे ठेवलं, स्वतः बसली, आणि पावाच्या तुकड्याने स्वतःचं ताट पुसून खाल्लं. होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर, पहिल्या भेटीत, आरशासारखं लख्ख. संघपाल पाहतच राहिला. मग त्यानेही पावाचा तुकडा उचलला आणि स्वतःचं ताट पुसायला घेतलं.

"तुम्ही इथी आधी जेवले होते?" तिने त्याला विचारलं.

"नाही."

"मंग ही जागा निवडली काऊन?"

खोटं बोलायला त्याच्याकडे वेळ होता, पण तोंडात घास होता, आणि तो घास सोडून खोटं बोलण्याइतका तो करंटा नव्हता. "बेकार असल म्हून," तो हळूच म्हणाला.

"मले वाटलंच." ती पाणी प्यायली. "मी पण याच्यासाठीच हो म्हटलं यायले. ज्याले गादीच्या दुकानात पोरगी पाहाले बोलवाचं सुचते, त्याले नाकारणं सोपं जाईन."

"मंग आता?"

"आता जेवून राह्यली ना मी. बोलू नका."

मुलीकडूनही नकाराचीच तयारी होती! म्हणजे दोन्ही पक्षांचं एकमत. इतकं पक्कं जुळलेलं स्थळ संघपालने ऐकलं नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला थोडं वाईट वाटलं, आणि वाईट का वाटलं याचं त्याला आणखी वाईट वाटलं.

इकडे अर्जुनरावांनी फोन लावला होता. "अगं, शेवया आहेत पण गोड नाहीत. नाही, पोरगं नाही पाह्यलं अजून. पाहतो. जेवण चालू आहे."

मग वांगं आलं. उभे काप तळून, थरावर थर, मध्ये टोमॅटो आणि चीज, वरून भाजलेलं. सगळ्यांच्या नजरा अर्जुनरावांकडे गेल्या, कारण अर्जुनरावांच्या शेतातली वांगी चिखलीपर्यंत जात होती आणि वांग्याविषयी त्यांच्याशी वाद घालणारा माणूस बीबीत हयात नव्हता. त्यांनी घास घेतला. चावला. मग शांतपणे पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि उघडला. हिरव्या मिरचीचा ठेचा. वासानेच ड्रायव्हरने मान वर केली.

"बाबा!" योगिनी म्हणाली.

"मी ठेच्याबिगर जेवत नाही. घरच्या लग्नात पण नाही जेवलो."

स्वयंपाकघराचा पडदा हलला. नसीमाभाभीचे पती रहेमतुल्लाचाचा बाहेर आले. उंच, पांढरी दाढी, हातात झारा. सॉस मागणाऱ्याशी भांडणारा माणूस, आणि समोर परका डबा उघडा. संघपालच्या मनात मेलेल्या आशेने एक डोळा उघडला. आता भांडण होईल, अपमान होईल, अर्जुनराव तावातावाने उठतील, नकार मिळेल, आणि साडेतीनपर्यंत आपण कॉटवर.

चाचांनी बोटाने ठेचा चाखला. डोळे बारीक केले. पुन्हा चाखला.

"कोणी केला?"

"हिच्या आईनं," अर्जुनराव छाती काढून म्हणाले.

चाचांनी डबा उचलला आणि आत निघून गेले. पाच मिनिटं आतून नुसता चर्रर आवाज. मग ते मोठं ताट घेऊन आले: लांब शेवया, तेलात परतलेल्या, आणि सगळ्यांतून तो ठेचा.

"माझ्या उस्तादाच्या गावात हेच खातात," ते म्हणाले. "लसूण, तेल, मिरची. बावीस साल म्या हे त्याच्या पद्धतीनं केलं, अन् दर वेळेस वाटे, काहीतरी कमी आहे. आज समजलं. तुमची बायको कमी होती."

हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही हॉटेलात उच्चारलं गेलं असतं तर पोलीस बोलवावे लागले असते. अर्जुनरावांनी ते तसंच्या तसं फोनवर बायकोला सांगितलं. पलीकडून पदराआडून आल्यासारखं हसू आलं.

"आणखी?" नसीमाभाभीने ताट हलवलं.

अर्जुनरावांचा हात सवयीने आडवा झाला. ओठ "न"साठी जुळले. ड्रायव्हर खुर्चीत पुढे सरकला. त्या एका क्षणात अर्जुनरावांच्या चेहऱ्यावरून साठ वर्षांचे संस्कार, बीबीतली सगळी सोयरीक आणि दोन एसट्यांचा प्रवास सरकत गेला.

"पायजे!" ते ओरडले. "मले पायजे! वाढा!"

आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत असावेत. त्यांनाच घाम फुटला.

जेवण संपलं. गुरुजींनी हात पुसले, घसा साफ केला, आणि ज्यासाठी सगळे इथे आले होते आणि जो बहुतेक सगळे विसरले होते, तो प्रश्न विचारला. "अर्जुनराव, आमचा संघपाल कसा वाटला तुमाले?"

या प्रश्नाचंही एक ठरलेलं उत्तर असतं. मुलगा आवडो वा न आवडो, मुलीचा बाप कधी जागेवर सांगत नाही. जेवणातलं "नको नको" अर्जुनराव पाच मिनिटांपूर्वी विसरायला शिकले होते, पण शिकवणी तेवढ्याच धड्याची झालेली. "कळवतो," ते म्हणाले.

गुरुजींनी तो नकार समजला आणि हसून हात जोडले. कोणावर दबाव आणायचा नाही, हे त्यांचं तिसरं तत्त्व होतं. "समजलं. काही हरकत नाही. भेट झाली, आनंद झाला. चाल, संघपाल."

झालं. नकार मिळाला. सभ्य, स्वच्छ, मुलीच्या बाजूचा, पावणेतीनच्या आत. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते सगळं व्यवस्थित पार पडलं होतं. खोली मोताळ्याला होती, चादर ओली करायची तेवढी बाकी. संघपाल उठला. योगिनी पण उठली. तिने पर्स खांद्याला लावली आणि ताटातला शेवटचा, कोणीही न खाल्लेला पावाचा तुकडा उचलून तोंडात टाकला. संघपालकडे पाहिलं. तोंड भरलेलं होतं.

नसीमाभाभी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"माफ करा, तुमच्या घरची गोष्ट आहे," ती म्हणाली, "पण दीड घंट्यापासून पाहून राह्यली मी. एक म्हणते कळवतो, दुसरा म्हणते समजलं. कोणाले काय समजलं? पोरीले विचारलं कोणी? पोराले विचारलं?"

"पोरगा आमचा, आम्ही म्हणू तसं," जनकाबाई म्हणाली.

"पायजे," संघपाल म्हणाला.

सगळे वळले.

"सगळं संपलं भाऊ," नसीमाभाभी म्हणाली.

"जेवण नाही. मले हे..." त्याने योगिनीकडे बोट केलं, मग बोट खाली घेतलं, मग कुठे ठेवावं ते न सुचून खिशात घातलं. "मले हे स्थळ पायजे."

"पायजे?" गुरुजींचा चेहरा लाल झाला. "मुलगी म्हणजे काय वांगं आहे, पायजे म्हणाले? एकोणतीस वर्षं काय शिकवलं म्या तुले?"

"तसं नाही बाबा. म्हणजे, यायनं मले नाकारू नये, असं मले वाटून राह्यलं." त्याने खिशातलं बोट बाहेर काढलं. "म्या यायले इथी नाकारून घ्यायलेच आणलं होतं. आता मन बदललं. एवढंच."

पंक्चरच्या दुकानातली हवा भरायची मशीन तेवढ्यात बंद पडली, त्यामुळे हे शेवटचं वाक्य बाहेर बकरीपर्यंत गेलं.

जनकाबाई खुर्चीत बसली आणि चार बोटं खाली गेली. अर्जुनरावांनी फोन कानाला लावला. "अगं, पोरगा म्हणते आम्हाले नाकारू नका. हो. स्वतः म्हणते. सगळ्यायसमोर. नाही, शिकलेला आहे."

योगिनीने घास संपवला. रुमालाने तोंड पुसलं, अगदी सावकाश, जणू लॅबमध्ये एखादा रिपोर्ट तिसऱ्यांदा तपासतेय.

"मी हो म्हटलं नाही," ती म्हणाली. "नाही पण म्हटलं नाही. पुढच्या रविवारी दोन वाजता. इथीच. आपण दोघंच. ठेचा मी आणीन. तुम्हाले जमते काय?"

दोन वाजता. संघपालच्या डोळ्यांसमोर खिडकीची ओली चादर हलली, कूलर घरघरला, कॉट हाक मारती झाली. तो तिकडे वळलाही नाही, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"जमते," तो म्हणाला. एकदाच.

"मी पण येतो," अर्जुनराव म्हणाले.

"बाबा!"

"तुमच्याशी बोलतच नाही. दुसऱ्या टेबलावर बसतो."

पुढच्या रविवारी संघपाल दीडलाच पोहोचला. दाराशी बकरी होती, ट्रकही होता. आत दुसऱ्या टेबलावर अर्जुनराव आणि ड्रायव्हर समोरासमोर बसले होते, मधे एक मोठं ताट, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला "घ्या ना" म्हणत नव्हतं. अर्जुनरावांनी त्याला ओळखच दिली नाही. दिलेला शब्द पाळत होते, आणि तोंडही रिकामं नव्हतं.

संघपाल रिकाम्या टेबलाशी बसला. खालची उशी नव्या कापसाची, पंखा नेमका डोक्यावर, वेळ दुपारची, पोट रिकामं. झोपायला यापेक्षा चांगली जागा मोताळ्यात नव्हती. तो ताठ बसून दाराकडे पाहत राहिला.

दोनला पाच कमी असताना योगिनी हातात स्टीलचा डबा घेऊन आत आली.

"झोप नाही आली?" तिने विचारलं.

"आली होती," संघपाल म्हणाला. "नको म्हटलं."